सल्ला हवाय: बेटांच्या देशांची उत्पादक क्षमता मोजायची कशी?

दर्याकाठचा
नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी मॅडमनी सुचवलंय की अंकटाडचा (संयुक्त राष्ट्रांची व्यापार-विकास संस्था) उत्पादक क्षमता निर्देशांक, म्हणजे देशाची उत्पादन करायची ताकद मोजणारा आकडा, घे आणि मॉरिशस, मालदीव, किरिबाटी यांची तुलना कर. तीन देश जास्त होतायत का? आणि दरडोई उत्पन्न सोडून नेमकं काय बघू?

आकडेमोड
निर्देशांक घ्या, पण एकूण गुणांवर थांबू नका. आत आठ घटक आहेत: नैसर्गिक भांडवल, मनुष्यबळ, ऊर्जा, वाहतूक, माहिती-दळणवळण, संस्था, खासगी क्षेत्र आणि संरचनात्मक बदल (शेतीकडून उद्योग-सेवांकडे सरकणं). ते सुटे सुटे वाचा. बेटांच्या बाबतीत भागाकाराची फार गंमत होते. वाहतुकीत दरडोई विमानप्रवासी धरतात. मालदीवची वस्ती पाच लाखांच्या आसपास आणि पर्यटक त्याच्या कितीतरी पट. रिसॉर्टवर उतरणारी सीप्लेनं भरतात ती पाहुण्यांनी, भागायचं मात्र स्थानिकांच्या संख्येनं. आकडा फुगणारच.

खारा वारा
+१. किरिबाटीत तर उत्पन्नच फसवं. सरकारची मोठी कमाई परदेशी बोटींना टुना पकडायचे परवाने विकून होते. पैसा राष्ट्रीय उत्पन्नात दिसतो, पण बोटी बहुतेक परक्यांच्या आणि मासा डब्यात भरला जातो तोही बहुतांशी बाहेर. जीडीपी (देशाच्या हद्दीतलं उत्पादन) आणि जीएनआय (परदेशातून येणारी कमाई धरून राष्ट्रीय उत्पन्न) शेजारी ठेवून बघा, दोन्हींत केवढी तफावत आहे ती.

मोका रोड
माझं ऐकाल तर एकटा मॉरिशस घ्या आणि खोलात जा. 1961 साली ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाच्या भवितव्याबद्दल बरंच निराशेचं लिहिलं होतं: माणसं वाढतायत, हाताशी ऊस तेवढा आहे. 1968 ला स्वातंत्र्य, 1970 ला निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा (निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती) कायदा. साखरेतला नफा आणि हाँगकाँगचं भांडवल कापड गिरण्यांत आलं. कामावर बहुसंख्य बायका. बेटावर लोकरीच्या मेंढ्या नाहीत, थंडीही बेताचीच, तरी हा देश लोकरी स्वेटर निर्यात करू लागला. क्षमता म्हणतात ती ही.

खरी परीक्षा पुढे. 2005 ला श्रीमंत देशांचा कापड-आयातीवरचा कोटा संपला (मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना तोच अडवून धरत होता), 2006 पासून युरोपनं साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्यानं 36 टक्के उतरवला. दोन्ही आधार एकदम सुटले. तोवर पर्यटन आणि वित्तसेवा उभ्या राहिल्या होत्या. उसाच्या चिपाडावर वीज होते, आपल्या कारखान्यांत सहवीजनिर्मिती होते तशीच. हंगाम संपला की तीच केंद्रं कोळसा जाळतात. म्हणजे ऊर्जेच्या घटकात गुण दिसले तरी कोळशाची बोट यावीच लागते. असे तपशील निर्देशांकात सापडत नाहीत, ते शोधणं हेच तुमचं काम.

दर्याकाठचा
मस्त! पण निर्देशांक 2000 पासूनचाच आहे. 1970 चं काय करू?

आकडेमोड
2005-06 चे दोन्ही धक्के त्यात येतात, मुख्य विश्लेषण तिथेच करा. आधीच्या काळासाठी एकूण निर्यातीत साखरेचा वाटा किती होता, एवढी एक रेघ काढली तरी पुरे.

खारा वारा
आणि मॅडमना आजच विचारा. मंजूर सारांशात तीन देश गेले की नंतर एक करायला पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या.