मोन्सँटोच्या विषारी जमिनीवर कॅसिनो: एव्हरेटने बरं केलं की वाईट?

मिस्टिककाठी (धागाकर्ता)

मे महिन्यात आई-बाबा चिपळूणहून इकडे आले होते. बाबांची सगळी नोकरी कोकणातल्या एका रासायनिक वसाहतीत गेली. त्यांना बॉस्टनमधल्या ऐतिहासिक इमारती दाखवून फार उपयोग नसतो, म्हणून एका संध्याकाळी एव्हरेटला नेलं. बॉस्टनच्या उत्तरेला खेटून असलेलं, मिस्टिक नदीकाठचं कामगारवस्तीचं गाव. तांब्याच्या रंगाच्या काचेची, वळण घेतलेली इमारत लांबूनच दिसते. एन्कोर बॉस्टन हार्बर. कॅसिनो, ६७१ खोल्यांचं हॉटेल, आणि मागे नदीला लागून कुणालाही फुकट फिरता येईल असा रस्ता.

बाबा आत आलेच नाहीत. कठड्याला टेकून पाण्याकडे बघत म्हणाले, "इथे आधी काय होतं?" मी म्हटलं, मोन्सँटो. त्याआधी मेरिमॅक नावाची केमिकल कंपनी, ती मोन्सँटोनं १९२९ मध्ये घेतली. गंधकाम्ल वगैरे बनायचं. "मग खाली आर्सेनिक आणि शिसं असणार." पायराइट भाजून आम्ल काढलं की त्यातलं आर्सेनिक कुठेतरी जाऊन बसतंच, आणि जुन्या पद्धतीत आम्ल तयार व्हायचं ते शिशाच्या पत्र्यांनी मढवलेल्या खोल्यांत, असं त्यांचं म्हणणं. मी फोनवर शोधलं. त्या मातीत सापडलेल्या विषांत हीच दोन नावं पुढे. पाय मोकळे करायला आईनं चप्पल काढून ठेवली होती, ती तिनं मुकाट्यानं परत घातली.

तर मुद्दा. कारखाना बंद पडल्यावर ही ३३ एकर जागा कित्येक वर्षं पडून होती. २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं कॅसिनोचा कायदा केला. जून २०१३ मध्ये एव्हरेटमध्ये मतदान झालं: बाजूने ५,३२०, विरोधात ८३३. सप्टेंबर २०१४ मध्ये विन रिसॉर्ट्स या कॅसिनो कंपनीला परवाना मिळाला, २३ जून २०१९ ला दारं उघडली. एकूण खर्च २.६ अब्ज डॉलर, त्यातले सुमारे ६.८ कोटी जमीन साफ करायला. कंपनीच्या खिशातून.

मी आयुष्यात पत्त्यांवर पैसे लावले ते दिवाळीत, तेही चार-चार आणे. तरी माझं मत: बरं झालं. इतक्या वर्षांत ना सरकारनं ती जागा पूर्ण साफ केली, ना कुठला बिल्डर फिरकला. एवढी घाण उपसून वर नफा उरेल असा धंदा दुसरा कुठला होता? तुम्हाला काय वाटतं?

---

खवचट खंडू

आईंनी चप्पल घातली तिथेच खरं तर धागा संपला होता. तरी पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

---

पैलतीर

साफ असहमत. मी नदीच्या दुसऱ्या काठावर, सॉमरव्हिलमध्ये राहतो. धागाकर्त्यांनी त्या कठड्यावरून जरा समोर बघितलं असतं तर उत्तर दिसलं असतं. समोर असेंब्ली रो आहे. नाव असं का? तर तिथे फोर्डचा गाड्या जुळवायचा कारखाना होता. एडसेल ही फोर्डची सुप्रसिद्ध फसलेली गाडी तिथेही बनायची, १९५८ मध्ये कारखाना बंद पडला. आज तिथे घरं आहेत, ऑफिसं आहेत, दुकानं आहेत, २०१४ पासून ऑरेंज लाइन मेट्रोचं स्टेशन आहे. एकही स्लॉट मशिन न लावता.

"आम्ही नसतो आलो तर कोणीच आलं नसतं" हे कॅसिनोवाल्यांचं वाक्य आहे. ते आपण आपल्या तोंडून का बोलावं? आमच्या महापौरांनी २०१६ मध्ये नदीकाठच्या परवान्याविरुद्ध अपील केलं, काम काही महिने अडलं, तेव्हा शेजारचं गाव जळतंय म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली. रोजच्या ट्रॅफिकमध्ये आम्हीच अडकतो.

---

मिस्टिककाठी

पैलतीर, फोर्डचं उदाहरण चांगलं आहे, पण दोन गोष्टी. तिथे नट-बोल्ट आवळले जायचे, इथे पिढ्यान्‌पिढ्या आम्ल उकळलं. तेलाचा डाग आणि आर्सेनिक एका तागडीत कसे घालणार? दुसरं, १९५८ ला कारखाना बंद आणि २०१४ ला स्टेशन. मधे छप्पन्न वर्षं गेली. एव्हरेटनंही तेवढं थांबायचं होतं का?

---

हिशेबनीस

थोडी आकडेमोड करतो, राग नसावा.

२.६ अब्जात ६.८ कोटी म्हणजे किती? २.६ टक्के. फ्लॅट घेताना आपण नळ आणि टाइल्स बदलायला याहून जास्त घालतो. आता उलट बाजू. या कॅसिनोची जुगारातली महिन्याची मिळकत साधारण ६ कोटी डॉलरच्या आसपास असते, राज्याचा जुगार आयोग दर महिन्याला आकडे जाहीर करतो, कुणीही बघावेत. म्हणजे शंभर वर्षांचं विष निघालं ते सव्वा महिन्याच्या गल्ल्यात! यातून दोन अर्थ निघतात. धागाकर्त्यांचा अर्थ: बघा, कॅसिनोला किती सहज परवडलं. माझा अर्थ: एवढी किरकोळ रक्कम राज्याला कधीच घालता आली असती. प्रदूषण करणारा आणि जागेचा मालक, दोघांना जबाबदार धरणारा कायदा या राज्यात १९८३ पासून आहे. वसुली करायची सोडून विष जुगाराच्या हवाली केलं.

जमिनीच्या सौद्याचंही ऐका. आधी ठरलेली किंमत साडेसात कोटी. मग विकणाऱ्यांमध्ये नेमकं कोण कोण आहे यावरून गदारोळ झाला आणि सौदा साडेतीन कोटींवर आला. जमिनीत चार कोटी वाचले. साफसफाईतून ते वजा करून बघा, "कंपनीच्या खिशातून" किती गेले ते.

एक मात्र मान्य करतो: जुगाराच्या मिळकतीवर राज्य २५ टक्के घेतं, शिवाय एव्हरेटला करारानुसार वर्षाला अडीच कोटींच्या घरात मिळतात. एव्हरेटसारख्या लहान गावासाठी ही रक्कम मोठी आहे. घरपट्टी भरणाऱ्याला विचारा.

---

गिरणगावची लेक

मी लालबागच्या चाळीत वाढले, वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत. त्यामुळे या धाग्यावर मला गप्प बसवत नाही.

आमच्या गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं आठवतंय ना? १९९१ च्या नियमात तीन वाटे होते: एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये शब्द फिरवले आणि वाटणी फक्त रिकाम्या जागेची राहिली. जिथे शेड उभी ती जागा हिशेबाबाहेर. म्हणजे वाटायला उरलं काय, तर अंगण. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २००६ मध्ये मालकांच्या बाजूने निकाल लागला. माझ्या वडिलांच्या खात्याची जागा आज एका मॉलचं पार्किंग आहे. तिथे बाबा एकदाच आले. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही म्हणाले, आम्ही खालीच चहा घेतला. दीडशे रुपयांचा.

आता एव्हरेटचं बघा. लोकांना विचारलं. मतं मोजली. आकडा लपवला नाही. कंपनीशी कागदावर करार केला, गावाला दरवर्षी काय मिळणार ते लिहून घेतलं. कॅसिनो चांगला की वाईट हे नंतर बघू. आम्हाला कुणी मतपत्रिका दिली होती? तुम्ही नदीकाठी कशावर भांडताय ते वाचून खरं सांगते, मला हेवा वाटला.

---

पैलतीर

ताई, तुमच्या दुःखापुढे बोलायला जड जातंय, पण मतदान झालं म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. उपाशी माणसाला विचारलं "हे खाशील का", तर तो हो म्हणणारच. कारखाने गेलेलं गाव होतं ते.

---

गिरणगावची लेक

उपाशी माणसाला निदान विचारावं तरी, भाऊ.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, माल्डनला राहते, रात्रीच्या ड्युट्या करते. आकडे बरेच झाले, एक माणूस सांगते. कॅसिनो कुठला ते लिहीत नाही, त्याला महत्त्व नाही.

माझ्या एका सहकारिणीचा नवरा रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करायचा. अकराला सुटला की घरी यायला तीन वाजायचे. या राज्यात बार दोनला बंद होतात, पण कॅसिनोत खेळत बसलेल्याला चारपर्यंत दारू मिळते. कायद्यानंच तशी सोय करून दिली आहे. तिला कळलं ते किराणा दुकानात कार्ड नाकारलं तेव्हा. गल्ल्यावर दूध, कांदे आणि मुलीचा सीरियलचा डबा, मागे रांग. डबा ठेवला आणि दूध घेतलं. पुढे त्यानं स्वतःचं नाव प्रवेशबंदीच्या यादीत घातलं. इथे तशी सोय आहे, मुदत आपण निवडायची. त्यानं एका वर्षावर सही केली. तिनं पाच म्हटलं होतं.

राज्यानं कॅसिनो उघडण्याआधीच पाहणी करून घेतली होती: प्रौढांमध्ये साधारण २ टक्के लोकांचा जुगार हाताबाहेर गेलेला, आणखी आठेक टक्के काठावर. तुम्ही "मातीतलं विष काढलं" म्हणता तेव्हा मला हे आठ टक्केच दिसतात.

---

हिशेबनीस

ताई, प्रसंग वाचून गलबललं. तरी एक शंका. हे लोक आधी कनेक्टिकटला जात नव्हते का? तिथला फॉक्सवुड्स कॅसिनो १९९२ पासून आहे, मोहिगन सन कॅसिनो १९९६ पासून. बॉस्टनच्या चायनाटाउनमधून बसा भरून जायच्या. कामगार तेच, पगार तोच, फक्त कर दुसऱ्या राज्याला.

---

रात्रपाळी

जात होते. पण दोन तास बसमध्ये बसावं लागायचं. दोन तासांत माणसाला झोप लागते, बायकोचा फोन येतो, खिशातले पैसे मोजून बघावेसे वाटतात. आता ड्युटी सुटली की वीस मिनिटांत टेबलावर. आणि मार्च २०२३ पासून मॅचवरचा सट्टा फोनवरच चालू झालाय, त्याला ती वीस मिनिटंही लागत नाहीत.

---

खवचट खंडू

म्हणजे आता जमीन साफ करायचंही नाटक करायला नको. नुसतं ॲप साफ ठेवलं की झालं.

---

मांडवीचो पूत

पणजेंतल्यान नमस्कार. आमच्याकडचा अनुभव थोडक्यात. तुमच्याकडे नदीकाठ साफ करून कॅसिनो आला, आमच्याकडे कॅसिनो नदीतच नांगर टाकून बसलाय. वीस वर्षं झाली, दर निवडणुकीला "मांडवीतून हलवणार" हे वचन मिळतं. जहाजं मात्र तिथेच, रात्री दिवे इतके की पलीकडे बेतीला अंगणात पेपर वाचता येईल.

आणि एक गंमत. १ फेब्रुवारी २०२० पासून आमच्या सरकारनं गोंयकारांनाच कॅसिनोत खेळायला बंदी केली. आपल्या माणसांना वाईट म्हणून बंदी, आणि बेळगाव-कोल्हापूर-पुण्याहून येणाऱ्यांना लाल गालिचा. ही कबुलीच झाली ना? एव्हरेटनं निदान आपल्या माणसांना दाराबाहेर ठेवलं नाही, यात चांगुलपणा आहे की बेफिकिरी ते तुम्ही ठरवा. देव बरें करूं.

---

गिरणगावची लेक

महाराष्ट्राचंही त्याला जोडून: आपल्याकडे १९७६ चा कॅसिनो कायदा पुस्तकात होता, कधी अंमलात आला नाही, शेवटी २०२३ मध्ये रद्दच केला. अधूनमधून कोणीतरी "कोकण किनाऱ्यावर कॅसिनो, रोजगार येईल" म्हणून उठायचं. आता ती पळवाट बंद.

---

साक्षीपुराव्यासह

एक मुद्दा कुणीच काढला नाही. या हॉटेलचं नाव आधी विन बॉस्टन हार्बर ठरलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये संस्थापक स्टीव्ह विन यांच्यावर महिला कर्मचाऱ्यांशी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप छापून आले. त्यांनी ते नाकारले, पण फेब्रुवारीत पद सोडलं. मग पाटी बदलून एन्कोर झालं. आयोगानं चौकशी केली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीला साडेतीन कोटी डॉलर दंड ठोठावला. कारण, वरच्या लोकांना माहीत असून त्यांनी डोळेझाक केली. परवाना मात्र शाबूत! इमारत उभी होती, हजारो लोकांची भरती चालू होती, उद्घाटन दोन महिन्यांवर. अशा वेळी परवाना रद्द करायची छाती कुणाला होणार? जमीन साफ झाली हे खरं. पण त्या दिवशी कोणाच्या हातात दोरी होती तेही बघा.

(अवांतर: हिशेबनीसांच्या भाषेत हा दंड म्हणजे अठरा दिवसांचा गल्ला.)

---

मिस्टिककाठी

दोन दिवस ऑफिसमध्ये अडकलो होतो, आता सगळं वाचलं. हिशेबनीसांच्या सव्वा महिन्यानं माझी विकेट काढली, प्रामाणिकपणे सांगतो. ६.८ कोटी हा आकडा मी लिहिताना मलाच प्रचंड वाटत होता. "दुसऱ्या कुणाला परवडलं नसतं" हे माझं वाक्य मागे घेतो. "दुसऱ्या कुणी केलं नाही" यावर मात्र ठाम आहे.

पुढचा अंकही सुरू झालाय. कॅसिनोच्या शेजारचं मिस्टिक वीजकेंद्र २०२४ मध्ये बंद पडलं. त्यातली चाळीसेक एकर जागा याच कंपनीनं २०२३ मध्येच घेऊन ठेवली होती. तिथे फुटबॉलचं स्टेडियम करायला विधिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये वाट मोकळी करून दिली. पुन्हा नदीकाठ, पुन्हा जुनी औद्योगिक माती. पैलतीर, तुमचं ट्रॅफिक अजून वाढणार.

काल बाबांना व्हिडिओ कॉलवर हा धागा वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साफ केली म्हणजे उचलून नेली ना? नेली कुठे?" मी म्हटलं, परवाना असलेल्या ठिकाणी टाकतात अशी माती. "म्हणजे दुसऱ्याच्या गावाला," म्हणाले, आणि आईला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

त्यांना आता कागद हवे आहेत. इथल्या पर्यावरण खात्याकडे अशा प्रत्येक जागेची कागदपत्रं लोकांसाठी खुली असतात. आजपासून एकेक फाइल उतरवून त्यांना पाठवतोय, शेकड्यांनी पानं आहेत. इथे कुणी मातीतल्या रसायनांचं काम केलेलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाबा एकटेच चष्मा लावून बसलेत.