डीटीएच बंद केलं, गावच्या घरी आता अँटेना की छत्री?

मनाली_कोथरूड:
नमस्कार. आई-बाबा गुहागरजवळ गावी असतात. डीटीएचचा रिचार्ज मी पुण्याहून करायचे, पण पॅकमधली निम्मी चॅनेल त्यांनी कधी लावलीच नाहीत. बाबांना सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या आणि क्रिकेट, आईला दुपारी एखादा मराठी चित्रपट. म्हणून या वेळी पॅक संपल्यावर दोघांना विचारून बंदच केलं. मोबाइलला रेंज अंगणात गेल्यावर येते, त्यामुळे ओटीटीचा प्रश्नच नाही.

शेजारचे काका म्हणतात, माळ्यावरचा जुना काड्यांचा अँटेना कौलांवर चढवा. दुकानदार नवीन छत्री आणि बॉक्स घ्या म्हणतो. डीटीएचची जुनी छत्री न्हाणीघराच्या स्लॅबवर तशीच आहे. टीव्ही तसा नवा आहे, 32 इंची. घराच्या पूर्वेला माड आहेत, त्यांचा अडथळा होईल का? जाणकारांनी सांगावं.

दादरकर:
काड्यांचा अँटेना राहू दे माळ्यावरच. दूरदर्शनची जुनी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं जवळपास सगळी बंद झाली. डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं ते मुंबईसारख्या मोजक्या शहरांत, आणि त्यालाही टीव्हीत अँटेनाचा डिजिटल सिग्नल वाचणारा डीव्हीबी-टी2 ट्यूनर लागतो. गुहागरला डीडी फ्री डिशच बरं, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवर चालणारी मोफत सेवा. 2004 पासून चालू आहे, महिन्याचं भाडं नाही.

छत्रीवाला_चिपळूण:
ताई, नवीन छत्री घेऊ नका. आहे तीच फिरवून घ्या. छत्री कुठल्या कंपनीला बांधलेली नसते, जिकडे तोंड कराल तिकडचा सिग्नल गोळा करते. फ्री डिश येतं जीसॅट-15 या उपग्रहावरून, तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. टाटा प्लेचा उपग्रह 83 वर, एअरटेलचा 108.2 वर, डिश टीव्हीचा 95 वर. तुमची डिश टीव्हीची असेल तर बोटभर सरकवली की काम झालं. एलएनबीवर, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर, 9750/10600 लिहिलंय का तेवढं पाहा. नसेल तर फक्त एलएनबी बदला.

बॉक्स घेण्याआधी टीव्हीच्या मागे बघा. केबलच्या साध्या सॉकेटशेजारी आट्यांचं, सॅटेलाइट लिहिलेलं दुसरं सॉकेट असेल, तर टीव्हीतच ट्यूनर आहे. छत्रीची वायर थेट तिथे लावायची, बॉक्सचा खर्च वाचला आणि बाबांना एकच रिमोट. नसेल तर एमपेग-4 चा, म्हणजे चित्र पाठवायच्या नव्या पद्धतीचा बॉक्स घ्या. स्वस्तातला जुना एमपेग-2 गळ्यात मारतात, त्यावर बरीच चॅनेल दिसत नाहीत.

आता माड. तुमच्याकडून उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 59 अंश वर आहे. म्हणजे माडाचा शेंडा छत्रीहून 10 मीटर उंच असेल, तर त्या दिशेला तो 6 मीटरच्या पुढे हवा. झावळ्या वाऱ्यावर हलतात म्हणून मी 8 धरतो. तुम्ही पूर्व म्हणताय, पण स्लॅबवर उभं राहून आग्नेयेला काय आहे ते बघा. छत्री मात्र 59 अंश कललेली दिसणार नाही, बरीच उभी वाटेल. तिची बनावट ऑफसेट असते, वरून आलेला सिग्नल तिच्यावर आपटून तिरका खालच्या एलएनबीत जातो. हे ठाऊक नसलेले लोक ती आभाळाकडे तोंड करून ठेवतात आणि मग सिग्नल नाही म्हणतात.

क्रिकेटचं म्हणाल तर 2007 च्या कायद्यामुळे भारताच्या एकदिवसीय आणि टी-20 सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला मिळतं, ते डीडी स्पोर्ट्सवर लागतं. आयपीएल त्यात धरू नका. खासगी मराठी चॅनेल लिलावात जागा घेतात, त्यामुळे एप्रिलमध्ये यादी बदलते. आईंचं एखादं चॅनेल गेलं तर घाबरू नका, नव्याने स्कॅन करा.

मनाली_कोथरूड:
दादा, खूप आभार. बाबांनी फोटो पाठवला, आट्यांचं सॉकेट आहे! आग्नेयेला विहीर आणि मोकळं परडं आहे. एकच शंका. पावसात चित्र अडकायचं, तर 90 सेंटिमीटरची छत्री घेऊ का?

छत्रीवाला_चिपळूण:
90 ची छत्री 60 च्या सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, हे खरं. सरी थोड्या सोसते. पण आषाढातल्या ढगफुटीत तीही हरते, कारण हा सिग्नल 11 गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा, पावसाचे थेंबच तो खातात. शिवाय मोठ्या छत्रीला वारा जास्त लागतो, आणि ती केसभर हलली तरी चित्र जातं. मी गुहागर पट्ट्यात 60 वरच थांबतो.

पावसाच्या तक्रारीवर मी आधी एलएनबीचा कनेक्टर उघडतो. बहुतेक वेळा आत हिरवा गंज असतो, तांब्याची तार काळी पडलेली. नवीन आरजी-6 वायर टाका, कनेक्टरवर रबरी टोपी बसवा, आणि वायर एलएनबीखाली थोडी लोंबती ठेवा म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, आत शिरणार नाही. खाऱ्या हवेत नटबोल्ट खातात, त्यांना ग्रीस लावा.

बसवणारा येईल तेव्हा बाबांना टीव्हीसमोर बसवा. पडद्यावर दोन पट्ट्या येतात. स्ट्रेंथची पट्टी छत्री कुठेही वळली तरी भरलेली दिसू शकते, तिच्यावर जाऊ नका. क्वालिटीची पट्टी जास्तीत जास्त वर जाईल तिथेच नट आवळायला सांगा, आणि आवळून झाल्यावर पुन्हा एकदा बघा. आवळताना छत्री हमखास सरकते.