मदत हवी आहे : हाताच्या इशाऱ्यावर पंखा-दिवा, पण उन्हात सेन्सर फसतो

वेंगुर्ल्यात समुद्रालगतच्या घरी वडिलांच्या खोलीतील पंखा आणि दिवा हाताच्या इशाऱ्यावर चालावेत, यासाठी मी ईएसपी-३२ बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा संगणक), हाताचा इशारा टिपणारा एपीडीएस-९९६० सेन्सर आणि रिले (बोर्डाच्या संकेतावर चालणारा स्विच) अशी जोडणी केली आहे. संधिवातामुळे त्यांना बटण दाबणे जमत नाही. हात मात्र ते सहज हलवू शकतात.

सकाळी आणि रात्री सारे सुरळीत चालते. दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट सेन्सरवर आले की, कोणी हात न हलवताही पंखा चालू-बंद होऊ लागतो. हा सेन्सर हातावरून परावर्तित होणारा अवरक्त प्रकाश मोजत असल्याने कारण उन्हातच असावे, असे मला वाटते. सेन्सरचा गेन (संवेदनशीलता) कमी करून आणि काळ्या कागदाची नळी बसवून पाहिली. खोटे इशारे थांबले, पण हात चार बोटांच्या अंतरावर न्यावा लागतो आणि पलंगावरून ते शक्य नाही. वीजपुरवठा आणि तारा तपासल्या आहेत. शिवाय खाऱ्या हवेचा चिकट थर सेन्सरवर सतत बसतो.

खोलीत कॅमेरा नको आहे. पावसाळ्यात इंटरनेट वारंवार जात असल्याने सर्व प्रक्रिया बोर्डावरच व्हायला हवी.

अशा उजेडात साधारण एक मीटरवरून डावा-उजवा इशारा ओळखण्यासाठी ८×८ विभागांचा व्हीएल५३एल५सीएक्स सेन्सर (प्रकाश परत यायला लागणाऱ्या वेळेवरून प्रत्येक विभागातील अंतर मोजणारा) कोणी प्रत्यक्ष वापरला आहे का, आणि खाऱ्या हवेपासून जपण्यासाठी त्यावर कोणते आवरण बसवावे, ज्याने मोजमाप बिघडणार नाही?