सड्यावरचे हे पांढऱ्या छत्र्यांचे रानफूल कोणते?

रानवाट: गेल्या रविवारी महाबळेश्वरजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्याच्या फटींत साचलेल्या वीतभर मातीत, पांढऱ्या फुलांची बरीच झाडे दिसली. बियांसाठी राखलेल्या गाजराला येतो तसाच, उघड्या छत्रीसारखा त्यांचा फुलोरा होता. सोबतच्या एकाने ‘रानगाजर’ असे नाव सांगितले. पण खात्रीसाठी झाड उपटणे मला पटले नाही. जाणकारांनी कृपया ओळख पटवावी.

कातळफूल: उपटले नाहीत हे फार चांगले केलेत. वर्णनावरून ही पंद असावी. शास्त्रीय नाव पिंडा कोंकणेन्सिस. गाजर, धने, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातली ही वनस्पती पश्चिम घाटाची प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त तिथेच आढळणारी असून कासच्या पठारावरही ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते. मात्र याच कुळातील पिम्पिनेलाच्या जातीही सह्याद्रीत पांढऱ्या छत्र्याच धरतात, त्यामुळे केवळ फुलोऱ्यावर विसंबू नये. पंदेच्या छत्रीत कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या आतल्या पाकळ्यांहून ठळकपणे मोठ्या आणि टोकाशी दुभंगलेल्या असतात. पिम्पिनेलाची फुले बारीक आणि साधारण एकसारखी असतात. फळांवरून तर शंकाच उरत नाही, कारण पंदेची फळे चपटी आणि कडेला पातळ पंखासारखी किनार असलेली, तर पिम्पिनेलाची ओव्यासारखी बारीक असतात.

जुनी वही: नावाविषयी थोडी भर घालतो. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी 1850 मध्ये या वनस्पतीचे वर्णन केले तेव्हा तिला हेराक्लियम या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत ‘जीनस’) ठेवले होते. पुढे 1986 मध्ये मुखर्जी आणि कॉन्स्टन्स यांनी तिच्यासाठी पिंडा ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. त्यामुळे जुन्या पुस्तकांत शोधताना हेराक्लियमखालीच पाहावे.

रानवाट: दोघांचेही आभार. फोटो मोठा करून पाहिला; कडेच्या पाकळ्या खरोखरच मोठ्या आणि दुभंगलेल्या आहेत. एक शंका उरते: उन्हाळ्यात तापलेल्या त्या कातळावर हे झाड जगते कसे?

कातळफूल: वरचा भाग वाळून जातो, पण जमिनीतले जाड मूळ जिवंत राहते आणि पावसाबरोबर पुन्हा पाने फुटतात. म्हणूनच उपटलेले एक झाड म्हणजे पुढची कित्येक वर्षे बुडाली असे समजावे. आणखी एक विनंती: या कुळात धने-जिरे आहेत तशाच प्राणघातक विषारी वनस्पतीही आहेत, तेव्हा ओळख पटली तरी पान किंवा मूळ चाखून पाहू नये. आणखी काही आठवड्यांनी पुन्हा गेलात, तर फळांचा फोटो इथे अवश्य टाका.