मदत हवी आहे : बोगद्यात तांबड्या मातीचा थर लागला तर काय करतात?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या ग्रुपने प्रोजेक्टला सह्याद्रीतल्या बोगद्यांचा विषय घेतलाय. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची चर्चा लहानपणापासून ऐकतोय, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

गगनबावड्याच्या पुढे घाटात रस्त्याकडेचा कापलेला डोंगर बघून आलो. काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो, त्यालाच रेड बोल म्हणतात. वरचा दगड हातोड्याला दाद देत नाही आणि हा पट्टा नखानं खरवडला जातो. त्याचा खडा पाण्यात टाकला तर विरघळून गाळ झाला! बोगद्याच्या छतावर असा थर आला आणि वरून पाणी झिरपलं, तर काय होईल याचीच मला काळजी वाटते.

पुस्तकात शॉटक्रीट (फवारून मारलेलं काँक्रीट), रॉक बोल्ट (खडकात बसवलेले पोलादी गज), स्टील रिब्ज (आधाराच्या पोलादी कमानी) सगळं आहे. पण आधी काय आणि किती लवकर, हे प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाकडूनच समजेल. कोकण रेल्वेचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कठीण खडकातून गेला, गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याला मात्र मऊ मातीनं वर्षानुवर्षं दमवलं. तिथं किंवा कोयनेच्या भुयारी कामावर असलेलं कुणी ओळखीचं आहे का? फोनवर अर्धा तास बोलले तरी चालेल.

शिवाय ड्रिलिंगचे कोअर बॉक्स (जमिनीतून काढलेले खडकाचे गोल नमुने ठेवलेल्या पेट्या) कोल्हापूर-सांगली भागात कुठं बघायला मिळतील? कॉलेजचं पत्र आणतो.