लाइन बंद होत असताना राजीनामा दिला, तर ईएसआयचा बेरोजगारी भत्ता मिळतो का?

हार्नेस_लाइन (प्रश्न)

नमस्कार. चाकण परिसरातील एका कारखान्यात वायरिंग हार्नेसच्या लाइनवर मी सहा वर्षांपासून कायम कामगार आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आणि एकूण पगार १८,५०० रुपये असून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात दरमहा होते. आमची लाइन या महिनाअखेर बंद होणार असून काम तमिळनाडूतील होसूरच्या युनिटला जाणार आहे, असे गेल्या आठवड्यात सांगण्यात आले. ज्यांना तिकडे जायचे नाही त्यांनी राजीनामा द्यावा, म्हणजे आठ दिवसांत हिशेब मिळेल, असे एचआर विभागाचे म्हणणे आहे. मुलगी नववीत आहे आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यामुळे होसूरला जाणे मला शक्य नाही.

राजीनाम्याचा कागद छापूनच दिला आहे. नाव, टोकन नंबर आणि सही एवढ्याच जागा मोकळ्या आहेत. त्यावर “मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने नोकरी सोडत असून कंपनीकडे माझी कोणतीही मागणी राहिलेली नाही” असे लिहिले आहे. मी अजून सही केलेली नाही. सही केल्यास अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा, म्हणजे ईएसआयचा बेरोजगारी भत्ता मिळेल का, आणि राजीनाम्यात खरे कारण लिहिले तर काही फरक पडेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_शाखा_कर्मचारी

ताई, सही केली नाहीत हे फार चांगले झाले. मी ईएसआयच्या शाखा कार्यालयात बरीच वर्षे दावे तपासले आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो. ही योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळत असे. करोनाच्या काळात, म्हणजे २४ मार्च २०२० पासून, ती ५० टक्के करण्यात आली. हा भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो आणि आयुष्यात एकदाच मिळतो. नोकरी जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमायोग्य (ईएसआय लागू असलेली) नोकरी हवी, लगतच्या अंशदान कालावधीत, म्हणजे वर्गणीच्या सहामाहीत, किमान ७८ दिवसांचे अंशदान हवे, आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात तरी तेवढेच हवे. या अटी तुम्ही सहज पूर्ण करता.

अडचण पुढच्या अटीत आहे. गैरवर्तनाबद्दल कामावरून काढलेला, सेवानिवृत्त झालेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला किंवा स्वतःहून नोकरी सोडलेला कामगार या योजनेत बसत नाही. जर्मनीत स्वतः नोकरी सोडणाऱ्याचा भत्ता सहसा १२ आठवडे रोखून धरतात, पण सबळ कारण दाखवले तर तोही रोखत नाहीत. आपल्या योजनेत सबळ कारण तपासण्याची अशी पायरीच नाही. त्यामुळे “घरच्या अडचणीमुळे राजीनामा देत आहे” असे कितीही प्रामाणिकपणे लिहिले, तरी तो राजीनामाच ठरतो.

योजना वेळोवेळी मुदतवाढ देऊन चालू ठेवली जाते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी शाखेत चालू मुदतीची खात्री करून घ्यावी.

पगारपत्रक

मी काही कारखान्यांचे ईएसआय आणि पीएफचे काम पाहतो. वरील उत्तरात भर घालतो, कारण दावा कुठे अडकतो हे बहुतेक कामगारांना दिसतच नाही. दरमहा अंशदान भरताना ज्या कामगाराचे दिवस शून्य असतात, त्याच्या नावापुढे मालकाला ईएसआयच्या पोर्टलवर एक कारण निवडावे लागते. त्या यादीत ‘लेफ्ट सर्व्हिस’ (नोकरी सोडली) आणि ‘रिट्रेंचमेंट’ (कामगार कपात) ही दोन वेगळी कारणे आहेत. तुमचा छापील राजीनामा फाइलला लागला, की तिथे ‘लेफ्ट सर्व्हिस’ पडणार आणि पुढे दाव्याच्या वेळी तेच वाचले जाणार.

रकमेचा अंदाज असा. चार अंशदान कालावधींतील एकूण वेतनाला ७३० ने भागल्यास तुमचे सरासरी दैनिक वेतन सुमारे ६०८ रुपये येते. त्याच्या निम्मे ९० दिवस धरल्यास साधारण २७,००० रुपये होतात. पण तुमच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट पणाला लागली आहे. कामगार कपात किंवा कारखाना बंद झाल्यामुळे नोकरी गेली, तर १ एप्रिल २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना लागू होऊ शकते. तिच्यात पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता आहे. दोन्ही योजनांचा लाभ एकाच काळासाठी घेता येत नाही.

ग्रॅच्युइटीची मात्र काळजी करू नये, कारण पाच वर्षे सलग सेवा झाली असल्याने ती राजीनामा दिला तरी मिळते. १२,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ६ या हिशेबाने ती ४१,५३८ रुपये होते. पीएफही तुमचाच पैसा आहे. हे दोन्ही हक्काचे आकडे ‘सही केलीत तर देऊ’ असे म्हणून कोणी दाखवत असेल, तर त्याला भुलू नये.

कामगार_सभासद

युनियनच्या कामात असे छापील राजीनामे मी अनेकदा पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. आता काय करावे ते सांगतो. राजीनामाही देऊ नका आणि कामावर जाणेही थांबवू नका. न सांगता गैरहजर राहिल्यास ‘काम सोडून गेली’ असा शेरा मारला जातो, आणि तो राजीनाम्याइतकाच नुकसानीचा असतो. शेवटच्या दिवसापर्यंत हजेरी लावा.

त्याबरोबर एक पत्र द्या. लाइन बंद होत असल्याचे आपल्याला कोणत्या तारखेला सांगण्यात आले, आपण काम करण्यास तयार आहोत, राजीनामा देण्याची आपली इच्छा नाही, आणि काम नसल्यास कायद्यानुसार कामगार कपात करून भरपाई द्यावी, एवढेच साध्या शब्दांत लिहा. कपातीत पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन मिळते, म्हणजे तुमच्या सहा वर्षांचे ९० दिवसांचे. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार.

मात्र नेमणूकपत्र आधी नीट वाचा. त्यात दुसऱ्या राज्यात बदलीचे कलम असेल आणि लेखी बदली आदेश आला, तर तो नुसता नाकारू नका. त्यावरून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि गैरवर्तनाबद्दल काढल्यास भत्त्याचा मार्ग तिकडूनही बंद होतो. तसा आदेश आल्यास घरची परिस्थिती लिहून फेरविचाराचा अर्ज करा आणि लगेच सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार नोंदवा.

ज्यांनी सही केली आहे त्यांनीही हातपाय गाळू नयेत. दबावाखाली घेतलेला राजीनामा ही प्रत्यक्षात सेवासमाप्तीच असते, असे न्यायालयात सिद्ध करता येते; पण तोंडी सांगून ते होत नाही. ताबडतोब लेखी आक्षेप घ्यावा. सहा महिन्यांनी आठवण झाली, तर ‘तेव्हा का बोलला नाहीत’ हाच पहिला प्रश्न येतो.

हार्नेस_लाइन

सर्वांचे मनापासून आभार. नेमणूकपत्र शोधून वाचले. त्यात ‘पुणे जिल्ह्यातील कोणत्याही युनिटमध्ये’ बदली करता येईल असे आहे, दुसऱ्या राज्याचा उल्लेख नाही. कामगार_सभासद यांनी सांगितल्याप्रमाणे पत्र तयार केले. एचआरने पोच देण्यास नकार दिला, म्हणून ते रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवले आणि त्याची प्रत ईमेलनेही दिली. आमच्या लाइनवरील आणखी नऊ जणींनी असेच केले. दोघींनी आधीच सही केली होती; त्या उद्या आक्षेपाचे पत्र देणार आहेत. पोर्टलवर काय कारण भरले गेले, हे आम्हांला कळू शकते का?

पगारपत्रक

या महिन्याचे अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असते. त्यानंतर विमाधारकाच्या लॉगिनमधून आपल्या अंशदानाचे दिवस पाहावेत, आणि कारण काय नोंदले आहे हे शाखा कार्यालयात लेखी विचारावे. ‘लेफ्ट सर्व्हिस’ पडले असेल, तर रजिस्टर्ड पत्राची प्रत व पोचपावती जोडून त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज करा. त्या दोघींनाही हेच सांगा, आणि आक्षेपाच्या पत्रावर आजचीच तारीख घालायला सांगा.