व्हिएन्नाच्या गॅसोमीटरमधील घरांत उजेड कसा पोचतो?

प्रश्न
व्हिएन्नाच्या सिमरिंग भागात गॅस साठवण्यासाठी उभारलेल्या विटांच्या चार गोल इमारतींमध्ये आता लोक राहतात. प्रत्येकीचा व्यास सुमारे ६० मीटर आणि उंची सुमारे ७० मीटर आहे. एवढ्या रुंद वर्तुळाच्या पोटातील घरांना उजेड आणि हवा कोठून मिळते? आणि एकाच संकुलासाठी चार वास्तुविशारद कशाला नेमले?

प्रतिसाद १
आधी हे ध्यानात घ्यावे की विटांची ही भिंत गॅस कोंडून ठेवण्यासाठी नव्हतीच. आत पाण्याची टाकी होती, तिच्यात उपड्या पातेल्यासारखी एक अवाढव्य लोखंडी टोपी बसवलेली होती आणि गॅस भरला की ती वर चढे, वापरला गेला की खाली उतरे. भिंत आणि घुमट हे या यंत्रणेला वारा-बर्फापासून जपणारे कवच होते. प्रत्येक टाकीत ९०,००० घनमीटर गॅस मावत असे. शहराला गॅस पुरवणाऱ्या इंग्रज कंपनीवरचे अवलंबित्व संपवण्यासाठी नगरपालिकेने १८९६ ते १८९९ या काळात हा स्वतःचा गॅस कारखाना बांधला. पुढे शहर कोळशापासून केलेल्या गॅसकडून नैसर्गिक गॅसकडे वळले, १९७८ मध्ये वास्तूंना संरक्षण मिळाले आणि १९८० च्या दशकात टाक्या बंद झाल्या. यंत्रणा काढून घेतल्यावर उरले ते रिकामे कवच, आणि नवी घरे त्याच्या आत स्वतंत्रपणे उभी केली गेली.

प्रतिसाद २
रूपांतर १९९९ ते २००१ या काळात झाले. चार वास्तुविशारद नेमल्यामुळे आपल्या उजेडाच्या प्रश्नाला चार वेगवेगळी उत्तरे मिळाली, हाच या संकुलाचा खरा लाभ आहे. जाँ नूव्हेल यांनी 'अ' इमारतीत वर्तुळाकार रचना अखंड न ठेवता तिचे सुटे मनोरे केले. मधल्या फटींतून प्रकाश येतो आणि जुनी भिंतही दिसत राहते. 'ब' मध्ये कूप हिमेलब्लाउ या वास्तुसंस्थेने कवचाबाहेर ढालीसारखा वाकलेला उंच भाग जोडला, त्यामुळे तेथील घरांच्या खिडक्या थेट बाहेर उघडतात. मान्फ्रेड व्हेडॉर्न यांनी 'क' मध्ये मध्यभागी चौक ठेवला. विल्हेल्म होल्त्सबाउअर यांनी 'ड' मध्ये नेमके उलट केले: मध्यभागी गाभा आणि त्यातून निघणाऱ्या तीन भुजा, म्हणजे मोकळे चौक जुन्या भिंतीलगत आले. छायाचित्रे बहुधा ढालीचीच काढली जातात, पण मला होल्त्सबाउअर यांची मांडणी अधिक विचारपूर्वक वाटते.

प्रतिसाद ३
लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातही जुन्या गॅस टाक्यांच्या जागी घरे केली गेली, पण तेथे ही अडचण फारशी आली नाही, कारण तेथे विटांचे कवच नव्हते, ओतीव लोखंडाचा उघडा सांगाडा होता. तो सुटा करून दुरुस्त केला, कालव्यापलीकडे नव्या जागी पुन्हा उभारला आणि त्याच्या आत २०१८ मध्ये १४५ घरे पूर्ण झाली. मात्र ती महागडी घरे आहेत. व्हिएन्नातील बरीच घरे अनुदानित गृहनिर्माणाची आहेत आणि 'ब' मध्ये विद्यार्थ्यांचे वसतिगृहही आहे.

प्रतिसाद ४
राहण्याची सोय जमली, बाजाराची तितकी नाही. चारही इमारतींना खालून जोडणाऱ्या दुकानांसाठी भुयारी रेल्वेची यू-३ मार्गिकाही २००० मध्ये येथपर्यंत आली होती, तरी दुकाने रोडावली आणि त्यांची जागा पुढे संगीताशी संबंधित संस्थांनी घेतली. 'ड' मधील शहराचे अभिलेखागार मात्र तेथेच आहे. कागदपत्रांना उजेड लागतही नाही.